विंडोजची किंमत बिलावर वेगळी का नको?

धागाकर्ता: नवा लॅपटॉप घ्या, विंडोज त्यात आलेलंच असतं आणि त्याचे पैसेही आपल्या खिशातून गेलेलेच असतात. किती गेले, ते बिलावर कुठेच नसतं. ज्याला पहिल्याच दिवशी उबुंटू, म्हणजे फुकट मिळणारी लिनक्स सिस्टीम, टाकायचीय त्याने ते का भरायचे? इटलीत एका ग्राहकाने लेनोवोकडे हे पैसे परत मागितले, ४२ युरो. कंपनी हरली तरी अपिलात गेली. डिसेंबर २०२० मध्ये मोंझाच्या कोर्टाने अपील फेटाळलं आणि वर २०,००० युरोंची भरपाई द्यायला लावली. म्हणजे मागणी वेडगळ नाही.

कायदाप्रेमी: अर्धीच गोष्ट सांगताय. फ्रान्समध्ये एकाने २००८ साली सोनीचा लॅपटॉप घेतला, विंडोजच्या अटी नाकारल्या आणि फक्त सॉफ्टवेअरचे पैसे मागितले. सोनी अख्खा लॅपटॉप परत घ्यायला तयार होती. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. सप्टेंबर २०१६ चा निकाल असा, की सॉफ्टवेअर टाकून संगणक विकणं एवढ्यानेच अनुचित ठरत नाही आणि त्याची किंमत वेगळी न दाखवणं ही दिशाभूल नाही.

धागाकर्ता: निकाल मान्य, पण मला तो पटत नाही. अख्खा लॅपटॉप परत करा म्हणणं हा काय पर्याय झाला? मला यंत्र हवंय, फक्त विंडोज नकोय.

दुकानदार: माझ्या काउंटरवर काय होतं ते सांगतो. दोन-तीन हजार वाचतात म्हणून गिऱ्हाईक डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला, लॅपटॉप नेतं. दुसऱ्या दिवशी हजर, 'काळी स्क्रीन येतेय'. मग गल्लीतला कुणीतरी क्रॅक केलेलं विंडोज टाकून देतो, अपडेट बंद करतो आणि महिन्याभरात टॅलीचा डेटा व्हायरस खातो. रडत माझ्याकडेच येतात. शंभरातल्या नव्वदांना चालू करताच चालणारं यंत्र हवं असतं, आणि ते द्यायला मला लाज वाटत नाही.

लिनक्सवाली: दादा, नव्वदांना विंडोजच का हवं असतं, तेही बघा ना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट उत्पादकांशी असे करार करायची, की संगणकात विंडोज घाला वा न घाला, विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्या. मग दुसरी सिस्टीम कोण घालणार? अमेरिकन सरकारने १९९४ च्या तडजोडीत ते बंद पाडलं, तोवर सवय लागून गेली होती. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवर शिकतात, त्यांचं काही अडत नाही. आपल्याकडे मुलाला दुसरं काही दाखवतच नाही, आणि म्हणतो लोकांना हेच हवंय.

कायदाप्रेमी: इतिहास खरा आहे. पण वेगळी किंमत दाखवली म्हणून स्वस्त मिळेल ही आशा सोडा. उत्पादकाला विंडोज घाऊक भावात पडतं, शिवाय थोडे दिवस फुकट चालणारे अँटिव्हायरस आधीच घालून देण्याचे त्याला पैसे मिळतात. विंडोज काढलं तर हेही जातं.

धागाकर्ता: मग तो हिशेबही दिसू दे! शंभर रुपये निघाले तरी चालतील. आकडा लपवलेला आहे तोवर आपण सगळे अंदाजावर भांडतोय.

दुकानदार: बिलावर दोन ओळी टाकायला माझी ना नाही. पण डिस्ट्रिब्युटरकडून मला एकच आकडा येतो. फोड मागायची तर कंपनीकडे मागा.