मिठाच्या झिलईची बरणी कोल्हापुरात जमेल का?

प्रश्न (शाहूपुरी): जुन्या अमेरिकन बरण्यांसारखी संत्र्याच्या सालीगत खरखरीत झिलई हवी आहे. पंचगंगेकाठची गाळाची माती चालेल का? भट्टी विजेची आहे.

उत्तर: नाही हो. ती माती साधारण ११०० अंश सेल्सिअसपुढे मऊ होऊन ढासळते, आणि ही झिलई आणायला तापलेल्या भट्टीत मीठ टाकायचं ते १२०० ते १२६० ला. स्टोनवेअरचीच, म्हणजे जास्त उष्णता सोसून घट्ट भाजणारी माती घ्या. मिठातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी (वाळूतल्या घटकाशी) जुळलं की काच तयार होते. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, त्यामुळे बापट कॅम्पसारख्या दाट वस्तीत अजिबात नको!

आणखी एक: विजेच्या भट्टीच्या तारा मीठ खातं; गॅसची किंवा लाकडाचीच भट्टी हवी. मिठाची वाफ बरणीत नीट शिरत नाही, म्हणून तिकडं अमेरिकेत हडसन नदीकाठच्या अल्बनीची तपकिरी माती पातळ कालवून आतून फिरवत. निळी कोबाल्टची नक्षी न भाजलेल्या कच्च्या भांड्यावरच. भट्टीत भांडी ठेवायच्या फळ्यांना अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन (पांढरी चिनी माती) समभाग लावा, नाहीतर बुडं चिकटलीच म्हणून समजा.