मदत हवी आहे: नवऱ्यासाठी सेकंडहँड टूरिंग बाईक, त्याला पत्ता लागू न देता

नोव्हेंबरमध्ये नवऱ्याची चाळिशी. लग्नाआधी विकलेल्या बुलेटची दुसरी चावी अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे. ताम्हिणीत कुणी सामान बांधून बाईकवरून गेलं की याची मान वळलीच! मी ॲक्टिव्हावाली, गिअरच्या गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. बजेट दीड लाख.

डोक्यात रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आणि बजाजची डॉमिनार ४००. दोन्हींची सीट ८०० मिमी, नवरा पाच फूट पाच इंच. पाय टेकतील, पण सिग्नलला १९० किलोचं धूड एका पायावर पेलवेल का?

काल कोथरूडला २०१९ची हिमालयन बघितली. मालक म्हणाला, 'एकदम मक्खन.' पण मी पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं. दादा म्हणतो, थंड गाडी समोर सुरू करायला लावायची, गरम इंजिनात दोष लपतात. पुढच्या शॉकअपवर तेलाचा ओलसर पट्टाही होता. फोर्कसील (शॉकअपमधलं तेल अडवणारं रबर) बदलून भागेल की सोडून देऊ?

आरसीवर कर्जाचा बोजा आहे. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देणार नाही, एवढं पक्कं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर मात्र नाव कुणाचं घालू? त्याचं घातलं तर ओटीपी त्याच्याच मोबाईलवर, मग कसलं सरप्राइज! आधी माझ्या नावावर घेतली तर पुन्हा ट्रान्सफरचा खटाटोप. कुणी असं केलंय का?

आणि कर्वेनगर-वारजे भागात पैसे घेऊन गाडी तपासून देणारा, पोटात गोष्ट ठेवणारा मेकॅनिक आहे का? आमचा नेहमीचा नवऱ्याचा शाळासोबती आहे, त्यामुळे तो बाद.