शब्दचर्चा : ‘कै.’ कोणाला लावायचं?

मुद्रितशोधक :
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाला शंभर वर्षं होतायत. त्याची स्मरणिका निघते आहे आणि मुद्रितं माझ्याकडे आहेत. शेवटच्या दोन पानांवर आजवर गेलेल्या पदाधिकाऱ्यांची आणि देणगीदारांची यादी आहे, एकूण 43 नावं. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाने जुन्या अहवालांवरून उतरवताना सगळ्यांना सरसकट ‘कै.’ लावलं. पहिल्या वाचनात मीही ते तसंच जाऊ दिलं. ऱ्हस्व-दीर्घ बघितले, सनावळ्या बघितल्या आणि पान उलटलं.

परवा आमच्या गुरुजींची मुलगी कच्ची प्रत बघायला आली. गुरुजींनी मला चौथीत व्याकरण शिकवलं, पुढे 20 वर्षं वाचनालयाचे चिटणीस होते. घर बौद्ध. बैठकीच्या भिंतीवर बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या, दारातून आत आलं की आधी त्या दिसतात. सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची. मुलीने वडिलांच्या नावावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, ‘काका, बाबांनी जे जन्मभर मानलं नाही, ते त्यांच्या नावाच्या आधी नको.’

मला रात्री झोप लागली नाही. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण इतक्या वर्षांच्या सवयीने ते अक्षर ‘श्री.’सारखं झालं होतं, त्याच्यामागचा शंकर आणि त्याचा डोंगर दिसेनासा झाला होता. वाटलं, सोपा उपाय आहे, सगळीकडे ‘दिवंगत’ करू. मग कोश उघडला. दिवम् म्हणजे आकाश, स्वर्ग. दिवंगत म्हणजे स्वर्गाला गेलेला. ज्याला मी निधर्मी शब्द समजत होतो, तोसुद्धा माणसाला कुठेतरी पोचवूनच थांबतो. वर याच परिच्छेदाच्या आधी मी ‘गेलेल्या’ लिहिलंय, तेही आता खटकतंय. गेला म्हणजे कोण गेला, आणि कुठे?

या यादीत वारकरी आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत, दोन मुसलमान देणगीदार आहेत, एक ख्रिस्ती डॉक्टरीणबाई आहेत. तुमच्याकडे काय लिहितात? आणि सगळ्यांना चालेल असा एखादा शब्द मराठीत आहे का?

पानाफुला :
सरळ ‘स्व.’ लावा. सगळीकडे तेच चालतं हल्ली.

मुद्रितशोधक :
पानाफुलाताई, स्वर्गीय म्हटलं तरी स्वर्ग आलाच. शिवाय मराठीत ‘स्वर्गीय’ म्हणजे अतिसुंदर, स्वर्गीय सूर म्हणतो तसं. मृतासाठी तो हिंदीतून आलेला वापर आहे. माझ्या कानाला अजून बसत नाही.

इंद्रायणीकाठ :
वारकऱ्यांना ‘कै.’ लावू नका, ही माझी पहिली विनंती. आमच्याकडे ‘वै.’ लिहितात, वैकुंठवासी. कीर्तनकार असतील तर ‘वै. ह.भ.प.’ असं. तुकोबांचं वैकुंठगमन म्हणतो आपण, बीजेला देहूत लाखो लोक त्यासाठीच जमतात. त्या शब्दाला आमच्या घरात वजन आहे.

पण तुम्ही विचारलं म्हणून एक मनातलं सांगतो. आजोबा गेले तेव्हा पत्रिकेवर ‘वैकुंठवासी’ छापलं, आणि त्याच पत्रिकेच्या डोक्यावर ‘हेचि दान देगा देवा’. आता त्या अभंगात तुकोबा वैकुंठ मागतच नाहीत. मुक्ती नको, संपत्ती नको, संतसंग दे, आणि त्यासाठी खुशाल पुन्हा गर्भवासात घाल, असं ते मागणं आहे. आजोबा रोज ते म्हणत. म्हणजे आम्ही त्यांना जिथे पाठवलं तिथे त्यांना जायचं नव्हतं! पुन्हा जन्माला येऊन दिंडीत चालायचं होतं. तरी मी ‘वै.’च म्हणेन, कारण ते स्वतः दुसऱ्या वारकऱ्याबद्दल बोलताना तेच म्हणायचे. माणूस ज्या शब्दाने इतरांना निरोप देत होता, तो शब्द त्याच्यासाठी वापरावा, असं मला वाटतं.

मुद्रितशोधक :
हे शेवटचं वाक्य लिहून ठेवतोय.

पिंपळपान :
गुरुजींसाठी शब्द आहे : कालकथित. विदर्भात आणि मराठवाड्यात बौद्ध घरांच्या पत्रिकांवर हाच असतो. विधीचं नावही वेगळं असतं, जलदान विधी किंवा पुण्यानुमोदन. तेरावं नाही, पिंड नाही.

या शब्दाची घडण बघण्यासारखी आहे. पालीत ‘मरण पावला’ यासाठी ‘कालकत’ येतो, ‘कालं करोति’ म्हणजे काल करणे, मरणे. कत म्हणजे संस्कृत कृत. म्हणजे नेमका संस्कृत अवतार ‘कालकृत’ व्हायला हवा होता. मराठीत येताना कतचा कथित झाला, बहुधा ‘कथित’ ओळखीचा म्हणून. काटेकोर पाहणारे म्हणतील की कथित म्हणजे सांगितलेला, इथे त्याचा संबंध नाही. बरोबर आहे. पण दोन-तीन पिढ्या लोकांनी आपल्या आईबापांच्या नावाआधी हा शब्द लावलाय. आता तो चुकीचा म्हणून दुरुस्त करायला जाऊ नये, असं माझं मत आहे. पाली शिकवताना मी मूळ रूप जरूर सांगतो.

मला त्यातलं आवडतं ते हे, की तो कुठेही जात नाही. काल झाला, एवढंच. त्यात कैलास नाही, वैकुंठ नाही, आत्माही नाही. बुद्धाच्या शिकवणीत कायम टिकणारा आत्मा नाहीच, अनत्ता म्हणतात ते. मग पुनर्जन्म कोणाचा, हा प्रश्न मिलिंद राजाने नागसेन या बौद्ध भिक्खूला विचारलेला आहे. उत्तर दिव्याचं आहे. एका दिव्यावरून दुसरा पेटवला, तर पहिल्यातलं काही उठून दुसऱ्यात जातं का? नाही. पण दुसरा पहिल्यामुळेच पेटला.

आणखी एक. गुरुजींना ‘निर्वाण’ किंवा ‘महापरिनिर्वाण’ लावू नका. हल्ली फलकांवर दिसतं. निर्वाण म्हणजे विझणं, तृष्णेची ज्योत विझणं. महापरिनिर्वाण बुद्धांचं, कुशीनगरचं. बाबासाहेबांच्या 6 डिसेंबरला आदराने तो शब्द लावला जातो. सर्वसामान्य उपासकाला कालकथितच शोभतं.

मुद्रितशोधक :
गुरुजी असते तर कत आणि कथित यावर पूर्ण तास घेतला असता.

दापोलीची :
आमच्याकडच्या मराठी वर्तमानपत्रांत मुसलमान माणूस गेला की ‘पैगंबरवासी झाले’ छापतात. छापणाऱ्याच्या मनात मान असतो, हे मला समजतं. माझ्या आब्बांच्या बातमीतही तसंच आलं होतं. पण शब्द चुकलेला आहे. कैलासवासीच्या साच्यात पैगंबर घातला, बस्स. पैगंबर म्हणजे पैगाम आणणारा माणूस. ते राहायचं ठिकाण नव्हे. आणि आमच्या समजुतीप्रमाणे मेलेला माणूस लगेच कुठे राहायला जातच नाही. रूह बरझखमध्ये थांबते. मधला काळ आहे तो, कयामतपर्यंतचा. हिशोब नंतर.

घरी आम्ही म्हणतो इंतकाल झाला, किंवा वफात. नावाआधी पुरुषाला मरहूम, बाईला मरहूमा. मरहूम म्हणजे ज्याच्यावर रहम झाली तो. तुम्ही जागा सांगता, आम्ही दया मागतो. बातमी कानावर पडली की पहिलं तोंडात येतं ते ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’, आपण अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परतणार. आमची आजी अरबी म्हणून लगेच पुढे जोडायची, ‘गेली गो बिचारी, सुटली.’ हे दोन्ही तिचंच होतं.

वसईचा :
ख्रिस्तवासी हा शब्दही ‘वासी’चाच आहे, पण तो मला पैगंबरवासीसारखा परका वाटत नाही. पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्तामध्ये’ मेलेल्यांचा उल्लेख आहे, तेव्हा ख्रिस्तात वास करणं आमच्या श्रद्धेत बसतं. डॉक्टरीणबाईंना तो बिनधास्त लावा, फक्त घरच्यांना विचारून. मात्र आमचा खरा भर पुनरुत्थानावर असतो, आणि तेही शरीराच्या. नुसता आत्मा सुटला आणि काम झालं, असं आम्ही मानत नाही.

यावरून ‘आत्म्यास शांती लाभो’ या वाक्याबद्दल विचारायचं होतं. ते आम्हाला आमचंच वाटतं, थडग्यावरही असतं. हिंदूंमध्ये ते मुळात आहे का?

कृष्णाकाठ :
वसईच्या भाऊंचा प्रश्न फार मोलाचा आहे. आमच्या आजीच्या तोंडी ‘सद्गती मिळो’ असायचं. गती म्हणजे चालणं, पुढची वाट. शांती म्हणजे थांबणं. जुनं माणूस मेलेल्याला चांगला रस्ता मागत होतं, आपण त्याच्यासाठी विश्रांती मागतो. आणि गीता मानायची तर आत्मा जन्मत नाही, मरत नाही, तुटत नाही, भिजत नाही. मग त्याला अशांती कसली? ‘मृतात्म्यास’ लिहितात ते तर पार उलटंच झालं.

खरं सांगायचं तर मराठी माणूस रोजच्या बोलण्यात आत्म्याच्या वाटेला फारसा जात नाही. जीव जातो. प्राण जातो. आत्मा गेला असं कोणी म्हणतं का? जेवण झालं की आत्माराम थंड होतो, आणि कोणाचं काही राहून गेलं की आत्मा घुटमळतो, एवढ्यापुरता तो. बाकी सगळा कारभार जिवाचा : जीव लावतो, जीव टांगणीला लागतो, जीव थाऱ्यावर नसतो. गंमत म्हणजे आत्मन् हा शब्द आपण दिवसभर उच्चारतो, ‘आपण’ म्हणून! आत्मन्, प्राकृतात अप्पा-अप्पण, त्यातून आपण. दाराशी आलेल्याला ‘आपण कोण?’ विचारतो तेव्हा तोच शब्द असतो.

वडिलांच्या दहाव्याला आम्ही घाटावर बसलो होतो. पिंड मांडलेला, भातावर दही, वर काळे तीळ. कावळे समोरच्या बाभळीवर होते, एक जवळ आला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. अर्धा तास गेला. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ, विज्ञानाचा शिक्षक, असलं काही न मानणारा, पुढे झाला आणि पिंडाकडे बघून म्हणाला, ‘दादा, आईला मी नेतो माझ्याकडे.’ कावळा शिवला. मी त्यातून काही सिद्ध करत नाही. पण त्या क्षणी त्याने वडिलांना हाक मारली, आत्म्याला नाही. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो.

पंचगंगा :
लिंगायतांसाठी ‘लिंगैक्य’ पूर्ण लिहा, ‘कै.’ अजिबात नको. कैलासही शंकराचाच, मग काय बिघडलं, असं मला एकदा एका संपादकांनी विचारलं होतं. बिघडतं असं, की ऐक्य होण्याला दुसरीकडे जावं लागत नाही. लिंग गळ्यातच असतं. आमच्यात बसवून पुरतात, हातात इष्टलिंग ठेवून, आणि सुतक धरत नाहीत.

जैन शेजाऱ्यांकडे ‘समाधिमरण’ ऐकलंय, पण ते व्रत घेऊन, सल्लेखना म्हणजे हळूहळू अन्नत्याग करून गेलेल्यांना. सगळ्यांना लावू नये. त्यांच्या मते जीव एक देह सोडला की काही समयांतच दुसऱ्या गतीला जातो, पातं लवायच्याही आत. म्हणून पिंड ठेवून वाट बघायचा प्रश्न येत नाही.

बांधावरून :
तुम्ही सगळ्यांना चालेल असा शब्द मागितला होता ना? आमच्याकडे आहे. मयत. अरबीतला आहे, पण आमच्या गावात ब्राह्मण, मराठा, बौद्ध, मुलाणी सगळे ‘मयताला जायचंय’ म्हणतात. सातबाऱ्याच्या फेरफारात तोच : खातेदार मयत, वारस नोंद. तलाठी कोणाला कैलासाला पाठवत नाही. आणि दुसरा त्याहून जुना वाटणारा : माती. ‘मातीला गेलो होतो.’ जाळलेल्या माणसाच्याही मातीलाच जातो आम्ही.

पानाफुला :
पण स्मरणिकेत ‘मयत अमुक अमुक’ कसं दिसेल! फेरफार वाटेल.

बांधावरून :
हो, ते खरं. छापायला नाही शोभणार. ‘निधन’ घ्या मग.

मुद्रितशोधक :
‘निधन’ मीही पाहिला. सामगायनात सामाचा शेवटचा भाग असतो त्याला निधन म्हणतात, सगळे मिळून म्हणतात तो. फार सुंदर आहे. पण ते नाम आहे, नावाआधी लावता येत नाही. ते सालाच्या बाजूला घेतलं : ‘निधन 1987’ असं.

बाकी ठरवलं ते सांगतो. एकच शब्द सगळ्यांना लावायचा हट्ट सोडला. गेले नऊ दिवस घरोघर फोन केले, काहींकडे जाऊन आलो. वारकऱ्यांना वै., लिंगायतांना लिंगैक्य, ज्यांच्या घरच्यांनी आवर्जून मागितला त्यांना कै. देणगीदारांपैकी एकांच्या नातवाने मरहूम सांगितलं, दुसऱ्यांच्या सुनेने ‘नुसतं नाव घाला, त्यांना तेच आवडलं असतं’ म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंच्या भाचीने ख्रिस्तवासी कळवलं. जैन मंडळींनी काहीच नको म्हटलं. गुरुजींना कालकथित लावलं, आणि मुलीला विचारून ‘कथित’च ठेवलं.

41 नावं झाली. दोघांच्या घरचं कोणी सापडलेलं नाही. एक शिपाई होते, एकटेच राहायचे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. दुसऱ्या एक बाई, 1931 साली 15 पुस्तकं दिल्याची नोंद आहे, बाकी काही नाही. गावात जुनं कोणी उरलं असेल तर अजून विचारतोय. छपाईला शुक्रवारी जायचंय. तोवर त्या दोघांच्या आधी काहीच लावलेलं नाही.