युद्ध चालू असताना घटना बदलायची का? अमेरिकेची १३वी दुरुस्ती

सह्याद्रीवारा: अमेरिकेच्या यादवी युद्धावर वाचतोय सध्या. गुलामगिरी बंद करणारी १३वी घटनादुरुस्ती जून १८६४ मध्ये खालच्या सभागृहात आपटली, ९३ विरुद्ध ६५, दोन तृतीयांश मतं काही जमली नाहीत. विरोधातले डेमोक्रॅट म्हणत होते की दक्षिणेची ११ राज्यं सभागृहात नाहीत, युद्ध पेटलंय, आत्ता घटनेला हात लावू नका. गुलामगिरीची बाजू मी घेत नाहीये, पण गैरहजर लोकांच्या माघारी घटना बदलणं बरोबर आहे का?

नगरी_माणूस: अहो त्यांना बाहेर कोणी काढलं होतं, आपणहून फुटून स्वतःची वेगळी घटना करून बसले होते. आणि ओहायोचा डेमोक्रॅट खासदार पेंडलटन, जो त्याच वर्षी उपाध्यक्षपदाला उभा होता, तो तर म्हणायचा की तीन चतुर्थांश राज्यं हो म्हणाली तरी गुलामगिरी अशी काढताच येणार नाही. मग वेळेचा प्रश्न राहिला कुठे? युद्ध नसतं तरी ह्यांनी विरोधच केला असता.

काळीमाती: थांबणंच जास्त धोक्याचं होतं. लिंकनचा १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा युद्धाच्या अधिकारात काढलेला, तोही बंडखोर भागापुरता, उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या केंटकी नि डेलावेअरमधले गुलाम तसेच राहिले. युद्ध संपल्यावर कोर्टाने तो उडवला असता तर सुटलेल्या माणसांनी जायचं कुठे? म्हणून दुरुस्तीचा ठराव पुढे रेटणाऱ्या खासदार अॅशलेची धडपड बघा, जूनमध्ये ठराव पडतोय दिसल्यावर त्याने स्वतःच्याच ठरावाविरुद्ध मत टाकलं, कारण फेरविचार मागायचा हक्क जिंकलेल्या बाजूच्या सदस्यालाच होता. ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ ने पास झाला, तीन जण जरी पलटले असते तरी पुन्हा पडला असता!

आणि गैरहजर म्हणाल तर गुलामांची तीन पंचमांश संख्या धरून दक्षिणेच्या जागा वाढवल्या जायच्या, त्या गुलामांना मत मात्र कधीच नव्हतं. मला तर ह्याचाच जास्त राग येतो.

सह्याद्रीवारा: तीन पंचमांशचं खरंच डोक्यात नव्हतं आलं. पण मग राज्यांच्या मंजुरीच्या वेळी दक्षिणेची राज्यं धरली की नाही?

नगरी_माणूस: धरली ना. एकूण ३६ राज्यं मोजली, २७ ची संमती लागत होती आणि २७वं जॉर्जिया, म्हणजे दक्षिणेचंच, डिसेंबर १८६५ मध्ये. वॉशिंग्टनचा दबाव होता हे खरं, पण मिसिसिपीने त्याच महिन्यात नाकारली आणि थेट १९९५ साली मंजूर केली.