सोलापूर १९३०: चार दिवसांचं स्वराज्य की चार दिवसांचा दंगा?

बाळीवेसकर
आज १२ जानेवारी. सकाळी एकाने ग्रुपवर टाकलं, 'मे १९३० मध्ये सोलापुरात झालं ते स्वातंत्र्य नव्हे, दंगल. चौकी जाळली, कोर्ट जाळलं, पोलीस मारले.' डोकं फिरलंय माझं. ५ मेला गांधीजींना पकडलं, गाव तापलं. ८ मेला लोक रूपाभवानी मंदिराकडे, दारूला विरोध म्हणून, शिंदीची झाडं तोडायला गेले. गोळीबारात शंकर शिवदारे गेले, आग त्यानंतर लागली. साहेबलोक गाव सोडून गेले तेव्हा गाव लोकांनी सांभाळलं. १२ मेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावून सरकारला ते परत मिळवावं लागलं. आधी काय, नंतर काय, एवढं तरी नीट सांगा.

कोर्टाजवळचा
क्रम मान्य. पण मेलेले ते दोन पोलीस पगारासाठी खाकी घातलेले गरीब शिपाई होते. माझे वडील पोलिसात होते. बंदोबस्ताला गेले की आई दारात बसून राहायची. त्या दोघांचं नाव एक तरी माणूस घेतो का?

गिरणीवाल्याचा नातू
काका, दुःख खरं आहे. पण मार्शल लॉ आमच्या घरानेही भोगलाय. डोक्यावर गांधी टोपी दिसली की उचलायचे. पणजीने पणजोबांची टोपी ज्वारीच्या कणगीत खाली दाबून ठेवली होती. अजून ट्रंकेत आहे. घडीवर विरलीय, हात लावायची भीती वाटते. याला दंगा म्हणायचं?

पार्क चौक
दंगा की स्वराज्य ते राहू द्या. याच प्रकरणात येरवड्यात १९३१ ला याच दिवशी चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. सकाळपासून स्टेटस बघतोय, ज्याने त्याने आपापल्या जातीधर्माचा एकच उचललाय. चौघं एका दिवशी फासावर गेले आणि आपण वाटण्या करून बसलो!

बाळीवेसकर
रोख माझ्यावर दिसतोय. माझ्या स्टेटसला धनशेट्टी आहेत, कारण आमच्या घरात लहानपणापासून त्यांचंच नाव ऐकलं. त्यात जात कुठून आणली?

पार्क चौक
तेच म्हणतोय मी! बाकी तिघांचं नाव तुमच्या घरात कुणी का घेतलं नाही? माझ्या मुलीला शाळेत भाषण होतं. तिला लिहून दिलेल्या कागदावर कुर्बान हुसेनच नव्हते. 'गझनफर' हे वर्तमानपत्र चालवणारा तरुण माणूस! मी पेनाने नाव घातलं, पोरगी म्हणाली, 'बाबा, बाई रागावतील.'

गिरणीवाल्याचा नातू
हे वाचून पोटात कालवलं.

कोर्टाजवळचा
शिपायांबद्दलचं माझं म्हणणं मी सोडत नाही. पण नाव गाळणं वाईट, ते मान्य. आणि ८ तारखेला पहिली गोळी सरकारची, तेही मान्य. यापुढे नाही बोलणार.

बाळीवेसकर
ठीक आहे, फोटो बदलतो. चौघांचा एकत्र, स्वच्छ फोटो मिळेना झालाय. कुणाकडे असेल तर इथे टाका, संध्याकाळच्या आत.