फुप्फुसांतील रक्तदाबाची औषधे : रोजच्या जगण्यातील अनुभव

दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या रक्तदाबाविषयी घराघरांत बोलले जाते. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमन्यांतही दाब वाढू शकतो आणि तो त्या पट्ट्याला कळत नाही, हे मात्र मला स्वतःला आजार होईपर्यंत ठाऊक नव्हते. या आजाराचे, म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शनचे, निदान झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी औषध सुरू झाल्यापासून प्रत्यक्षात काय घडले, ते येथे लिहावे, ही विनंती. दुसऱ्याचा डोस वाचून आपला डोस कोणीही बदलू नये. सुरुवात मी करते.

नाशिक, वय ३८, शिक्षिका

शाळेचा दुसरा मजला चढताना दम लागू लागला, तेव्हा आधी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या आणि नंतर दमा समजून तोंडाने ओढायचा पंप, असे जवळजवळ दोन वर्षे चालले. शेवटी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचा उजवा कप्पा फुगलेला दिसला. मुंबईत शिरेतून नळी घालून फुप्फुसाच्या धमनीतला दाब थेट मोजला, तो सरासरी ५४ निघाला. २० पर्यंतचा दाब सर्वसाधारण मानतात. कारण सापडले नाही, म्हणून कागदावर ‘इडियोपॅथिक’ असे लिहिले गेले.

सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, अशी सुरुवात झाली. गोळी घेतल्यावर तासाभरात कानशिले तापायची, नाक चोंदायचे आणि डोके असे ठणकायचे की फळ्याकडे तोंड करून उभे राहणेही नकोसे व्हायचे. मी कोणालाही न सांगता दुपारची गोळी टाळू लागले. पुढच्या तपासणीत सहा मिनिटांत जेमतेम ३१० मीटर चालता आले, तेव्हा डॉक्टरांपुढे खरे बोलावे लागले. ते रागावले नाहीत. रक्तवाहिन्या सैल होतात त्याचाच हा परिणाम आहे, बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत उतरतो आणि तोवर डोकेदुखीसाठी काय घ्यावे, हे त्यांनी नीट समजावले. हे पहिल्या दिवशी कळले असते तर माझा महिना वाया गेला नसता.

दुसरा त्रास औषधाचा नव्हता. हाच घटक १९९८ पासून पुरुषांच्या लैंगिक तक्रारीवरचे औषध म्हणून जगभर माहीत आहे. फुप्फुसांच्या या आजारासाठी अमेरिकेत त्याला २००५ मध्ये मान्यता मिळाली. मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठी दिली, तेव्हा मुलाने आत जाऊन मालकांना बोलावले आणि त्यांनी विचारले, “मॅडम, ही गोळी कोणासाठी?” मी “माझ्यासाठी” म्हटल्यावर मागे उभे असलेले दोघे गप्प झाले. पुढचे वर्षभर गोळ्या आणायला यजमान जात असत. आता मी स्वतः जाते, आणि कोणी विचारलेच तर आजाराचे नाव स्पष्ट सांगते.

दुपारची गोळी मी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवते. डबी कितीही धुतली तरी वास जात नाही, आणि दोनच्या सुमारास पर्स उघडली की तो वासच आठवण करून देतो.

सातारा, वय ५८

माझा आजार गुठळ्यांतून आला. २०१९ मध्ये पोटरी सुजली, तिथली गुठळी फुप्फुसात गेली आणि रक्त पातळ करणारे औषध सहा महिने घेऊनही दम कमी होईना. स्कॅनमध्ये असे दिसले की जुन्या गुठळ्या विरघळल्या नसून धमन्यांच्या भिंतींना चिकटून घट्ट झाल्या आहेत. या प्रकारात शस्त्रक्रियेने त्या खरवडून काढता येतात आणि शक्य असेल तेथे तोच पहिला उपाय असतो. माझ्या गुठळ्या फार आतल्या बारीक फांद्यांत असल्याने ते जमण्यासारखे नव्हते. म्हणून फुग्याने धमन्या रुंद करण्याचे तीन टप्पे आणि रिओसिग्वाट हे औषध, असा मार्ग ठरला.

रिओसिग्वाट एकदम पूर्ण देत नाहीत. मला १ मिलिग्रॅम तीन वेळा देऊन सुरुवात केली आणि दर दोन आठवड्यांनी दंडाचा रक्तदाब पाहून अर्धा-अर्धा मिलिग्रॅम वाढवला. दोनवर पोचल्यावर वरचा आकडा ९५ च्या खाली जाऊ लागला, पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून तेथेच थांबवले. आता मी आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसतो, मंडळी चहाचे आधण ठेवेपर्यंत तसाच बसून राहतो आणि मगच उभा राहतो.

एक प्रसंग मुद्दाम सांगतो. कराडला लग्नात जेवणानंतर माझ्या छातीत जळजळू लागले. एका पाहुण्यांनी मोठ्या आपुलकीने खिशातून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची, म्हणजे नायट्रेट गटातली, गोळी काढली. माझ्या मुलीने त्यांचा हात धरला. रिओसिग्वाट असो, सिल्डेनाफिल असो की टॅडालाफिल, नायट्रेटच्या गोळीबरोबर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. रिओसिग्वाट आणि सिल्डेनाफिल हीदेखील एकत्र घेत नाहीत. त्या दिवसापासून माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे औषधांची नावे आणि ‘नायट्रेट देऊ नये’ असे मराठीत व इंग्रजीत लिहिलेला कागद असतो.

कोल्हापूर, वय २७

माझ्या हृदयाच्या पडद्यात जन्मतः छिद्र होते. ते लहानपणी बंद झाले नाही. फुप्फुसांतला दाब वाढत गेला आणि रक्ताचा प्रवाह उलटा फिरला. याला आयझेनमेंगर म्हणतात. आता छिद्र बुजवणे धोक्याचे आहे, म्हणून औषधच. मी बोसेंटान घेते. पहिले चार आठवडे ६२.५ मिलिग्रॅम दोन वेळा, नंतर १२५ दोन वेळा. यकृताला इजा होऊ शकते म्हणून दर महिन्याला रक्त द्यावे लागते. दुसऱ्या वर्षी एकदा यकृताचे आकडे तिपटीवर गेले, तेव्हा औषध थांबवून, आकडे खाली आल्यावर पुन्हा हळूहळू सुरू केले.

यापेक्षा कठीण गोष्ट लिहिते आहे. या औषधाने गर्भाला व्यंग येऊ शकते, आणि औषध बाजूला ठेवले तरी माझ्या आजारात गर्भारपण आईच्या जिवावर बेतू शकते. शिवाय बोसेंटानमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे मला लग्नानंतर आठ महिन्यांनी एका परिचारिका ताईंनी सांगितले. तोवर मी त्या गोळ्यांवरच विसंबून होते. सासूबाई प्रत्येक हळदीकुंकवाला “गोड बातमी कधी?” या प्रश्नाला उत्तर देता देता थकल्या होत्या. शेवटी यजमान त्यांना माझ्या तपासणीला घेऊन आले आणि डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून सारे समजावले. परतताना बसमध्ये त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कॅलेंडरवर माझ्या रक्ततपासणीची तारीख स्वतः लिहिली. आता दर महिन्याला त्याच लिहितात.

सोलापूर, रुग्णाचा भाऊ

बहिणीला संधिवाताच्या तापामुळे झडपेचा आजार आहे आणि तिच्या रिपोर्टातही पल्मनरी हायपरटेन्शन लिहिले आहे. तिला यांपैकी कोणतेच औषध का देत नाहीत?

नाशिक (धागा सुरू करणारी)

दादा, हाच प्रश्न मी माझ्या डॉक्टरांना विचारला होता. आजाराचे नाव एक असले तरी कारणे वेगवेगळी असतात. डावीकडची झडप अरुंद झाल्याने रक्त मागे तुंबून दाब वाढला असेल, तर उपाय झडपेवर करतात, फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने. आमच्या गोळ्यांनी तेथे फायदा होत नाही, काही वेळा फुप्फुसात पाणीही साचू शकते. बहिणीच्या डॉक्टरांना झडपेचे पुढे काय करायचे, हे अवश्य विचारा.

न्यू जर्सी, वय ४५, मूळची सांगलीची

माझ्या त्वचेखाली ट्रेप्रोस्टिनिलचा पंप अहोरात्र चालू असतो. सुई जेथे असते ती जागा पहिले काही दिवस अंगार लागल्यासारखी दुखते. हे औषध अचानक बंद पडणे धोक्याचे असल्याने दुसरा पंप कायम बरोबर ठेवावा लागतो. २०२४ मध्ये येथे मान्यता मिळालेले सोटाटरसेप्टचे इंजेक्शनही आता मी दर तीन आठवड्यांनी घेते. त्याने हिमोग्लोबिन वाढू शकते, म्हणून आधी रक्त तपासतात. मला अधूनमधून नाकातून रक्त येते, पण गेल्या दिवाळीत अनेक वर्षांनी मी मध्ये न थांबता जिना चढले.

परभणी, वय ५१

मला स्क्लेरोडर्मामुळे, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक करणाऱ्या रोगामुळे, हा आजार झाला. अँब्रिसेंटान व टॅडालाफिल चालू आहे. अँब्रिसेंटानने पाय सुजले, तेव्हा मिठावर बंधन आले आणि लघवीची गोळी जोडली गेली. रोज सकाळी वजन लिहिते. दोन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा, असे मला सांगितले आहे.

आमच्याकडे खरी अडचण औषध मिळण्याची आहे. गेल्या पावसाळ्यात नेहमीच्या दुकानात साठा नव्हता, “उद्या येईल” असे ऐकत पाच दिवस गेले आणि मी गोळीविना राहिले. सहाव्या दिवशी न्हाणीघरापर्यंत जाताना भिंत धरावी लागली. मुलगा रात्रीच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला जाऊन औषध घेऊन आला. आता दर रविवारी मी गोळ्या परातीत ओतून मोजते, आणि वीस उरल्या की तो तिकीट काढतो.