नोव्हेंबर ते फेब्रुवारी फुलदाणीसाठी फुलं: १० × ४ फुटांच्या वाफ्यात काय आणि कधी?

परसबाग_पुणे
घरामागे १० × ४ फुटांचा वाफा मोकळा आहे, ऊन सहा तास. फुलदाणीत ठेवण्याजोगी, बियांपासून होणारी, फार लाड न मागणारी फुलं हवीत. झिनिया, कॉसमॉस, अ‍ॅस्टर डोक्यात आहेत. पेरणी कधी, अंतर किती? आणि झिनिया कापल्यावर दुसऱ्याच दिवशी मानेतून का वाकते?

मातीकाम
आधी मान. फूल कच्चं कापलं की वाकते. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलकेच हलवा. डोकं लटलट हललं तर दोन-तीन दिवस थांबा, दांडा ताठ राहिला तर कापा. झिनिया पाण्यात पुढे उमलत नाही, त्यामुळे पूर्ण उमललेलीच घ्यायची. कॉसमॉसचं उलट: पाकळ्या उघडू लागल्या की कापा, परागकण दिसायला लागलेलं फूल दोन दिवसांत गळतं.

वाफ्यात दोन घमेली मुरलेलं शेणखत पुरे. युरिया अजिबात नको, कॉसमॉस नुसता उंच वाढतो आणि फुलायला कंटाळा करतो.

पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर झिनिया थेट जागेवर पेरा, जेमतेम १ सेंमी खोल, अंतर १ फूट. एका जागी दोन बिया, नंतर जोमदार रोप ठेवा. वीतभर उंचीला, पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण न खुडलेल्या रोपाला मधोमध एक फूल आणि बाजूला आखूड दांडे मिळतात. अर्धं बी तीन आठवड्यांनी पेरा, म्हणजे बहर लांबतो. पाकिटावर उंची अडीच-तीन फूट लिहिलेली हवी. बुटक्या जाती कुंडीतच शोभतात.

गणेशखिंडकर
वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त खुडणं अ‍ॅस्टरला लावू नका. तो बुडापासून आपणहून फुटतो. खुडल्यास फुलं उशिरा येतात आणि दांडे आखूड होतात. बी ताजंच घ्या, वर्षभर ठेवलेलं फारसं उगवत नाही. ट्रेमध्ये पेरून महिन्याभराने पाऊण फुटावर लावा. राहुरी कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' जाती (पिंक, व्हाइट, व्हायोलेट, पर्पल) आपल्याकडे छान येतात. झिनिया-कॉसमॉससारखा तो कापल्यावर पुन्हा पुन्हा फुलत नाही, एकच बहर. म्हणून वाफ्याचा तिसरा हिस्सा बस्स. पुढच्या वर्षी जागा बदला: मर रोगाची बुरशी मातीत टिकते, एका बाजूची पानं पिवळी पडून झाड बसतं.

परसबाग_पुणे
धन्यवाद! झिनियाच्या पानांवर पांढरी पूड धरते, त्याचं काय?

मातीकाम
भुरी. दाट लावणी, सावली आणि थंडीतल्या रात्रींचं दव. अंतर राखा, खालची खराब पानं काढा, पाणी सकाळी मुळाशीच द्या. सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारं ८०% गंधक, लिटरला २ ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात.

गणेशखिंडकर
कापणी भल्या सकाळी, बादली सोबत नेऊन. दांडा पानांच्या जोडीच्या थोडा वर कापा, तिथून दोन नवे फुटवे येतात. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा, झिनियाचं पाणी फार लवकर गढूळ होतं. ते रोज बदला.